गणित सोडू का? अकरावी सायन्सच्या विषयांबद्दल तुमचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होऊन जातो, अकरावीचा फॉर्म, कॉलेजचे पसंतीक्रम आणि सायन्स घेतलं तर ग्रुप कोणता, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स (पीसीएम), बायोलॉजी (पीसीबी) की दोन्ही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झालेत, त्यामुळे आता तालुक्याच्या गावातूनही तीच घाई दिसते, तारीख जवळ आलीये मॅडम लवकर सांगा. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारख्या पत्रांतून एकेक निवडलंय. मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलंय, तेव्हा उत्तरं जरा वर्गातली आणि लॅबमधली वाटतील. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात मला एकच गोष्ट खटकली ती आधीच सांगते. ग्रुप घेताना सगळे बारावीनंतरच्या ऍडमिशनचं विचारतात, पण मधली दोन वर्षं रोज संध्याकाळी तो विषय पुढ्यात घेऊन हे पोरगं बसणार आहे का, हे कुणीच विचारत नाही.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मुलीला दहावीला 88 टक्के पडलेत, सायन्सला 92, गणितात 74. सातवीपासून म्हणते डॉक्टर व्हायचंय. आता म्हणते मॅथ्स मला नकोच, पीसीबी घेणार. तिचे बाबा म्हणतात चारही विषय घे, नीटमध्ये नाही जमलं तर इंजिनिअरिंग तरी हातात राहील. घरात रोज यावरून वाद, जेवण सुद्धा धड होत नाही. काय करू? — एक आई, बार्शी

उत्तर: ताई, बाबांची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, दरवर्षी 20 लाखांहून जास्त मुलं बसतात आणि सरकारी एमबीबीएसच्या जागा त्या मानाने फारच थोड्या. म्हणून दुसरा रस्ता हवा हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त चार विषय घेतले की तो रस्ता आपोआप तयार होतो असं जे त्यांना वाटतंय ते तसं होत नाही, आणि हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय. चार विषय घेतलेलं पोर अकरावीच्या दिवाळीपर्यंत चारही विषय करतं, मग नीटचा क्लास जोर धरतो, टेस्ट सिरीज सुरू होते, आणि मॅथ्सचं पुस्तक कपाटात जातं ते बारावीच्या जानेवारीत बाहेर येतं. मग बोर्डाला कसेबसे पासिंगचे मार्क. बारावीला मॅथ्स पास असलं की इंजिनिअरिंगचा फॉर्म भरता येतो हो, पण ऍडमिशन सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर होते, आणि एमएचटी-सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये 200 पैकी 100 मार्क एकट्या मॅथ्सचे आहेत, 50 प्रश्न आणि प्रत्येकाला 2 मार्क. कपाटातल्या पुस्तकावर ते 100 मार्क येत नाहीत.

आता मुलीचं बघू. नीटमध्ये मॅथ्सचा पेपर नाही हे खरं, 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, उरलेले फिजिक्स-केमिस्ट्रीचे निम्मे निम्मे. पण मॅथ्स सोडलं म्हणजे गणित सुटलं असं तिला वाटत असेल तर तिला अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडून दाखवा. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्स, त्यात व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं आहे, पीसीबीवाल्यांनाही तो तसाच्या तसा. बारावीला ऑसिलेशन्सच्या धड्यात वेग काढायचा तर डिफरन्शिएशन लागतं, केमिस्ट्रीत कायनेटिक्सला लॉग लागतो, पीएचला लॉग लागतो. मॅथ्स घेतलेल्या पोरांना हे त्यांच्या मॅथ्सच्या तासाला शिकायला मिळतं, पीसीबीच्या पोरांना कुणीच नीट बसून शिकवत नाही, आणि नीटला पीसीबीची मुलं मार खातात ती बायोलॉजीत नाही, फिजिक्समध्ये. त्यामुळे पीसीबी घेतलं तरी पहिल्या दोन महिन्यांत तेवढं गणित फिजिक्सच्या सरांकडून किंवा शेजारच्या एखाद्या बीएस्सीच्या मुलीकडून पक्कं करून घ्यायचं, हे आत्ताच ठरवून टाका.

अजून एक, जे फॉर्म भरताना बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बारावी सायन्सला सहा विषय पूर्ण करावेच लागतात, इंग्लिश, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि चार ऐच्छिक. मॅथ्स काढलं तर त्या जागी दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं, जॉग्रफी, सायकॉलॉजी, कॉलेजला जे असेल ते. कुठे कुठे क्रॉप सायन्ससारखा 200 मार्कांचा बायफोकल, म्हणजे व्यवसायाशी जोडलेला विषय मिळतो, तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांच्या जागी बसतो. तेव्हा ज्या कॉलेजला पहिला पसंतीक्रम देणार तिथे जाऊन मॅथ्सच्या बदल्यात काय शिकवतात आणि शिकवायला माणूस खरंच आहे का हे विचारून या.

मग घ्यायचं काय? 74 मार्क म्हणजे गणित येत नाही असं अजिबात नाही. अल्जेब्रात गेले की जॉमेट्रीत ते बघा, प्रमेयांच्या सिद्धता लिहायचा कंटाळा असणारी कितीतरी मुलं अकरावीच्या मॅथ्समध्ये छान रमतात कारण तिथे तो प्रकार फार नाहीये. माझं म्हणणं असं, फॉर्म भरायच्या आधी चार-पाच दिवस हातात आहेत ना, बालभारतीच्या साइटवर अकरावीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, तिला मॅथ्सच्या पहिल्या भागातला ट्रिगोनॉमेट्रीचा धडा आणि बायोलॉजीचा कुठलाही एक धडा द्या, सांगा दोन्ही स्वतः वाच, दोन्हीतली थोडी गणितं-प्रश्न सोडव, कुणी मदत करायची नाही. तुम्ही फक्त लांबून बघा ती कशाला चिकटून बसते आणि कशावरून सारखी उठते. गणित अडलं तरी ती परत परत करून बघत असेल तर चार विषय घेऊ द्या. पोटात गोळा येत असेल तर पीसीबी घ्या आणि परत मागे वळून बघू नका.

आणि बाबांना दुसरा रस्ता दाखवायचा तर तो पीसीबीतच भरपूर आहे. बीएएमएस, बीएचएमएस, डेंटल, व्हेटरनरी, फिजिओथेरपी हे सगळं नीटवर, बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी, फार्मसी आणि ऍग्रीला एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुप, शिवाय मायक्रोबायोलॉजी, बायोटेकसारख्या बीएस्सी. बंद काय होतं तेही स्पष्ट सांगते, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, मर्चंट नेव्ही, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) एअरफोर्स-नेव्ही, स्टॅटिस्टिक्स किंवा मॅथ्समधली बीएस्सी. तिघांनी बसून ही यादी वाचा आणि मुलीला विचारा, एमबीबीएस नाही मिळालं तर यातलं काय तुला मनापासून आवडेल. ते उत्तर तिच्याकडे असेल तर बाबांची काळजी निम्मी तिथेच मिटेल. आणि समजा बारावीनंतर खूपच वाटलं की मॅथ्स हवं होतं, तर बोर्डात तुरळक विषय म्हणून एकटा मॅथ्सचा पेपर नंतर देता येतो. वर्ष जातं, पण दार कायमचं बंद होत नाही.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नंतर गावातल्याच हायस्कूलला पूर्ण मराठी माध्यमात शिकलो. 79 टक्के आहेत, विज्ञानात 86. सायन्स घ्यायची खूप इच्छा आहे पण सगळे म्हणतात इंग्लिशमध्ये असतं तुला झेपणार नाही, आर्ट्सला जा आणि स्पर्धा परीक्षा कर. — विद्यार्थी, हिंगोली जिल्हा

उत्तर: सायन्स घे. विज्ञानात 86 मिळवणाऱ्या मुलाला फक्त भाषेपायी सायन्सपासून लांब ठेवायचं हे मला बघवत नाही. आर्ट्सला काही कमी नाही, पण तिथे आवडीने जावं, घाबरून नाही.

अवघड जाणार का, तर हो, पहिले तीन-चार महिने जाणार. बहुतेक कॉलेजात सायन्स इंग्रजीतूनच शिकवतात, सर भराभर बोलतात आणि पहिल्या बाकावरची सेमी-इंग्रजीची मुलं माना डोलवत असतात तेव्हा वाटतं आपल्यालाच काही कळत नाही. पण तू दहावीला गुरुत्वाकर्षण शिकलायस, विद्युतधारेचे परिणाम, भिंगं, कार्बनी संयुगं, आवर्ती सारणी, सगळं शिकलायस. अकरावीला ग्रॅव्हिटेशन येतं तेव्हा तेच परत येतं, जरा खोल जाऊन. म्हणून नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं कुणाला देऊन टाकू नकोस, रद्दीत तर मुळीच घालू नकोस. उद्या जो धडा होणार त्याच्याशी जुळणारा मराठी धडा आज रात्री वाचून जा, एवढं केलंस तरी तासाला सर काय बोलतायत त्याचा धागा सुटत नाही. माझ्या वर्गात खेड्यातून आलेली जी मुलं हे करायची ती दिवाळीनंतर बरोबरीला यायची, काही पुढेही जायची, कारण त्यांची संकल्पना मराठीत घट्ट झालेली असायची.

अजून एक वही कर, रोज तासाला जे शब्द अडले ते लिहायचे आणि संध्याकाळी त्यांचा अर्थ स्वतःच्या वाक्यात. आणि पेपरची भीती कमी करायला सांगते, नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई मेन दोन्ही मराठीतही देता येतात, एमएचटी-सीईटीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसुद्धा, फक्त सीईटीचं मॅथ्स इंग्रजीत असतं आणि त्यात वाक्यं थोडी, चिन्हं जास्त. अर्थात मी म्हणेन की अकरावी संपेपर्यंत इंग्रजीतून वाचायची सवय करूनच घे, कारण पुढची सगळी पुस्तकं तशीच आहेत. वर्गात हात वर करून मराठीत प्रश्न विचारायला मात्र लाजू नकोस, चांगला शिक्षक उत्तर मराठीतच देतो.

प्रश्न: मुलाला जेईई करायची आहे. एका क्लासवाल्यांनी सांगितलं की आमच्या टायअपच्या कॉलेजला ऍडमिशन घ्या, कॉलेजला जायची गरज नाही, प्रॅक्टिकलचं आम्ही बघून घेतो, पूर्ण वेळ जेईई. फी लाखात आहे पण तयारी ठेवलीये. असे बरेच जण करतात. तुमचं मत? — पालक, नाशिक

उत्तर: माझं मत या बाबतीत फार ठाम आहे आणि ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. क्लास लावा, चांगला असेल तर जरूर लावा, त्याला माझी काहीच हरकत नाही, पण लॅब ज्या व्यवस्थेत काढून टाकलीये तिथे पोराला सायन्स शिकायला पाठवू नका.

आधी साधा हिशोब. बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 70 मार्क लेखी आणि 30 प्रॅक्टिकल, मॅथ्सचे 80 आणि 20. बोर्डाला 75 टक्के हजेरी लागते, ती कागदावर भरली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण तपासणी झाली तर अडकतो तो विद्यार्थी, क्लास नाही. आणि एनआयटी-आयआयटीला प्रवेश घ्यायचा तर ओपनच्या मुलाला बारावीला 75 टक्के किंवा बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, म्हणजे बोर्डाकडे पाठ फिरवून चालतच नाही.

पण मला खरं दुखतं ते वेगळं. बारावीला एक प्रॅक्टिकल असतं, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ऍसिडचं टायट्रेशन. ब्युरेटमध्ये ते गडद जांभळं द्रावण भरायचं, इतकं गडद की आतली खालची वक्र कडा दिसतच नाही, म्हणून इथे रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं. खालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी रीडिंग चुकतात, तो आधी काढायचा. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ऍसिड, त्यात सौम्य सल्फ्युरिक ऍसिड, आणि हाताला चटका बसेल इतपत गरम करायचं. मग पहिले थेंब सोडले की पोरं गोंधळतात, कारण रंग जातच नाही लवकर, गुलाबी तसाच राहतो, त्यांना वाटतं झालं, एंडपॉइंट आला. जरा थांबून हलवलं की रंग जातो, आणि पुढचे थेंब मात्र पडता क्षणी बेरंग व्हायला लागतात. असं का, तर या रिऍक्शनमध्ये तयार होणारं मँगनीजच पुढच्या रिऍक्शनचा वेग वाढवतं. हे मी फळ्यावर शंभरदा लिहून सांगितलं तरी पोरं विसरतात, पण ज्याने स्वतः फ्लास्क हलवत तो रंग जाताना बघितलाय तो ऑटोकॅटॅलिसिस जन्मात विसरत नाही. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग टिकून राहतो, आणि अर्ध्या वर्गाचा तो थेंब चुकतो, गडद गुलाबी करून बसतात, मग परत पहिल्यापासून. ते परत करणं हेच सायन्स आहे हो. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेल्या मुलाला रीडिंग 10.2 च का असतं हे कधी कळत नाही, आणि इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच लॅबमध्ये तो एकटा पडतो.

म्हणून फी भरायच्या आधी एक दिवस काढा आणि पसंतीक्रमात टाकणार त्या कॉलेजांच्या लॅबमध्ये स्वतः जाऊन या, मुलालाही न्या. लॅब असिस्टंटशी बोला, तो माणूस सगळं खरं सांगतो. गेल्या वर्षी किती प्रॅक्टिकल झाली, एका ब्युरेटवर किती मुलं उभी असतात, मीटर ब्रिजची तार नवी आहे का, मायक्रोस्कोपच्या काचा पुसलेल्या आहेत का बघा. बेसिनला पाणी येतंय का तेही बघा, हसू नका, जिथे पाणी येत नाही तिथे केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल होत नाहीत. असं कॉलेज घराजवळ मिळालं आणि संध्याकाळी क्लास लावला तर मुलाची दमछाक होईल, मान्य आहे, पण अकरावीचं वर्ष नीट वापरलं तर जमतं. अकरावी हे दहावीनंतरचं विश्रांतीचं वर्ष आहे हा समज मात्र घरातून काढून टाका, जेईई आणि नीटमध्ये अकरावीचा अभ्यासक्रम बारावीइतकाच येतो.

प्रश्न: मला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. अकरावीला बायफोकलमध्ये कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर पुढे कॉम्प्युटर ब्रांच मिळायला फायदा होतो का? मित्र म्हणतो बायो ठेव, स्कोअरिंग असतं. — विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर: ब्रांच मिळायला काहीच फायदा नाही, ती सीईटी किंवा जेईईच्या पर्सेंटाइलवर मिळते, बारावीला कॉम्प्युटर होतं की बायो हे कुणी विचारत नाही. पण म्हणून विषय घेऊ नये असं नाही. 200 मार्कांपैकी निम्मे प्रॅक्टिकलचे, सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल, नेटवर्किंग असतं, आणि दुसऱ्या पेपरला 8085 मायक्रोप्रोसेसर. तो 8085 1976 सालचा आहे, पोरं विचारतात एवढं जुनं कशाला शिकायचं, पण रजिस्टरमध्ये आकडा कसा जातो, कसा बाहेर येतो हे इतक्या सोप्या प्रोसेसरवरच समजतं, नव्यावर नाही. बोर्डाचे मार्कही चांगले पडतात.

सोडायचं काय तेवढं बघ, दुसरी भाषा आणि बायोलॉजी दोन्ही जातात. बायो गेलं म्हणजे नीट गेली. तुला बायोचा धडा वाचायलाच नको वाटत असेल तर खुशाल कॉम्प्युटर घे. फी मात्र विचारून घे, बऱ्याच ठिकाणी बायफोकल विनाअनुदानित असतं आणि जागाही थोड्या. मित्राचं ऐकून फक्त स्कोअरिंग म्हणून बायो ठेवू नकोस, न आवडणाऱ्या माणसाला बायोचं पाठांतर फार जड जातं.

प्रश्न: माझ्या पुतणीला एअरफोर्समध्ये जायचंय. भावाचं म्हणणं मुलींना बायोच बरं, एवढं गणित करून कुठे जाणार. मी तिची बाजू घेते पण मला माहिती कमी पडते. — एक आत्या, सातारा जिल्हा

उत्तर: आत्याबाई, तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहिलात याचं मला फार बरं वाटलं. मुलींना बायो आणि मुलांना मॅथ्स ही वाटणी कुणी केली कोण जाणे, माझ्या वर्गात मॅथ्सला पहिल्या येणाऱ्या मुलींची नावं सांगत बसले तर पान पुरणार नाही, आणि त्यातल्या काहींना घरच्यांनी बायो घ्यायला लावलं याचं वाईट आजही वाटतं.

भावाला हे सांगा. एनडीएची परीक्षा मुलींना देता यावी असा आदेश सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये दिला, 2022 मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या, आणि 30 मे 2025 ला त्यांच्यातल्या 17 जणी पास आउट झाल्या, मुलांच्या बरोबरीने परेड करून. म्हणजे ही आता ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. एनडीएतून आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण एअरफोर्स आणि नेव्हीसाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतंच. म्हणून तिच्या बाबतीत गणित सोडायचा प्रश्नच येत नाही. लेखी परीक्षेत 300 मार्कांचा पेपर फक्त गणिताचा आणि 600 मार्कांचा जनरल ऍबिलिटी, ज्यात इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, थोडं बायो, इतिहास, भूगोल सगळं येतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. पुढे एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखती, त्यालाही 900 मार्क.

महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला फार पूर्वीपासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला झालीये, तिथे अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. पण तिची परीक्षा दहावीत असतानाच द्यावी लागते, त्यामुळे यंदा ती संधी गेली असेल. तरी काही बिघडत नाही, जवळच्या कॉलेजला पीसीएम घ्या, रोज पहाटे पळायला पाठवा, आणि आत्ताच एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा, कारण पायलटसाठी नजरेचे नियम कडक आहेत आणि ते दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. ग्राउंड ड्युटीचे मार्गही आहेत हे तिला तेव्हाच सांगा.

प्रश्न: मला डॉक्टर इंजिनिअर दोन्ही व्हायचं नाहीये. मला समुद्रातले प्राणी आवडतात आणि गणितही आवडतं. नववीत शिक्षकांनी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवलं होतं तेव्हापासून वाटतं संशोधन करावं. घरी म्हणतात यात पैसे नाहीत. कोणते विषय घेऊ? — विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू चारही विषय घे. वर बार्शीच्या ताईंना मी चार विषयांबद्दल सावध केलंय, पण तिथे चौथा विषय भीतीपोटी घेतला जात होता, तुला तर दोन्ही हवेत. आणि तुला ज्या दिशेला जायचंय तिथे दोन्ही लागतात. समुद्रात मासळी किती आहे, पुढच्या वर्षी किती असेल, कुठल्या भागात मासेमारी थांबवायला हवी हे सगळं आज गणिताने आणि स्टॅटिस्टिक्सनेच काढतात, नुसत्या प्राण्यांच्या नावांवर होत नाही.

परीक्षांचं सांगते. पुण्यात आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, 2006 साली सुरू झालेली, तिथे बारावीनंतर थेट पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स असतो. त्याची आयएटी नावाची वेगळी परीक्षा असते, बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स प्रत्येकी 15 प्रश्न, एकूण 60 प्रश्न आणि 240 मार्क. बारावीला या चारपैकी तीन विषय असले तरी बसता येतं, पण पेपरला चारही येतात, तेव्हा ज्याने चारही केलेत त्याला ते सोपं जातं. दुसरी नेस्ट परीक्षा, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस या दोन विज्ञान संस्थांसाठी, तिथेही चार भाग असतात पण सगळ्यात चांगले तीन धरतात. अकरावी-बारावीत विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धेच्या पहिल्या टप्प्याला बसून बघ, पुढचे टप्पे आणि कॅम्प मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं, निवड नाही झाली तरी तसले प्रश्न सोडवण्यात जी मजा आहे ती क्लासच्या टेस्ट पेपरमध्ये नाही.

पैशाचं घरच्यांशी मोकळं बोल. संशोधनात पहिली काही वर्षं हात आखडताच असतो, पीएचडीला फेलोशिप मिळते त्यात भागतं पण चैन होत नाही, हे लपवून काही उपयोग नाही. त्यांना धीर वाटावा म्हणून एक रस्ता तुझ्या दारातच आहे तो दाखव. रत्नागिरीतच शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, 1981 पासूनचं, तिथल्या बीएफएस्सीला, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदवीला, सीईटीतून जाता येतं. त्यासाठी बायोलॉजी लागेल, ते तुझ्याकडे असेलच. आयसर झालं नाही तर हे, आणि इथूनही पुढे एमएफएस्सी, पीएचडी करून संशोधनाला जाता येतंच. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्या महाविद्यालयाला आईबाबांना घेऊन जा, परवानगी काढून ते आतून बघा, शिकणाऱ्या मुलींशी गप्पा मारा, त्या कुठून आल्या आणि आधीच्या बॅचच्या मुली आता काय करतात ते विचारा. फॉर्म त्यानंतर भर, आणि दुसरी भाषा मराठीच ठेव, चार विषयांच्या रगाड्यात ती तुला वेळही देईल आणि मार्कही. आयएटीच्या गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका अकरावीच्या मे महिन्यात सोडवायला घे, त्याआधी नको, तोवर पाठ्यपुस्तकच नीट कर.